‘नॉट फनी हा-हा’ आणि दोन सोबतिणी: देवगडच्या एका निवृत्त नर्सबाईचा अभिप्राय

घ्यावं का? इंग्रजी वाचता येत असेल तर घ्यावं. लीआ हेझ नावाच्या अमेरिकन बाईंचं हे कॉमिक पुस्तक, 2015 चं. दोन तरुण मुली, घरची परिस्थिती वेगवेगळी, दोघीही गर्भपात करून घेतात. एक गोळ्यांनी, दुसरी दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेने. कोणाला सांगायचं, फोन कुठे करायचा, तिथे गेल्यावर काय होतं, घरी आल्यावर काय होतं, हे सगळं चित्रांतून. पुण्याला असलेल्या भाचीने मला पाठवलं. इंग्रजी सोपं आहे, मला डिक्शनरी फारशी लागली नाही.

माझी सगळी नोकरी देवगड तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. भिंतीवर लावायला तक्ते पुष्कळ यायचे. त्यांत गर्भाशय असायचं, नळ्या असायच्या, बाण असायचे. बाई नसायची. फार तर कमरेपासून गुडघ्यापर्यंत. या पुस्तकात बाईला तोंड आहे, आणि ते तोंड बाकावर बसून कंटाळलेलं, घाबरलेलं, मध्येच हसलेलं दिसतं. हो, हसलेलं. काही जणांना ते खटकेल. मला नाही खटकलं, कारण लेबर रूममध्येही बायका हसतात.

सगळ्यात आवडलं ते असं की या दोघींनी हा निर्णय का घेतला ते पुस्तक विचारतच नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच. डॉक्टर विचारतात (त्यांना विचारावंच लागतं, आपल्या कायद्यात कारण नोंदवल्याशिवाय भागत नाही), मग आया विचारते, मग केसपेपर काढणारा विचारतो, त्याचा तर काही संबंधही नसतो. 1971 च्या कायद्यात गर्भनिरोधक फसलं हे कारण चालायचं, पण फक्त लग्न झालेल्या बाईला. 2021 च्या दुरुस्तीने ते बिनलग्नाच्या बाईलाही लागू झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं, आणि तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी. त्यात बिनलग्नाची बाईही येते, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं.

हे आकडे बायकांना क्वचितच माहीत असतात. त्यांना भलतंच काहीतरी माहीत असतं. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परत गेले की दिवाळीच्या आधी माझ्याकडे एखादी तरी यायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारायची, “सिस्टर, घोवाची सही व्हयी काय ओ?” घोव तिकडे नालासोपाऱ्याला. मी सांगायचे, नको गो बाय, तुझं वय अठराच्या वर ना, मग सही तुझी एकटीची. फॉर्म सी म्हणतात त्या संमतीच्या कागदाला, त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. तरी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यातून तिला परत पाठवायचे, मालकांना घेऊन या म्हणून. कायद्यात नसलेली ही सही किती जणींना महागात पडली! तेवढ्या दिवसांत गोळ्यांची नऊ आठवड्यांची मुदत उलटायची आणि मग क्युरेटिंगशिवाय मार्ग राहायचा नाही.

असलं या पुस्तकात काही नाही. नसणारच, ते तिकडच्या मुलींसाठी लिहिलंय. पण एसटी स्टँडवर कोणी ओळखलं तर काय, ही आमच्या बाईची भीती त्या मुलींना नाही. आमची बाई देवगड सोडून कणकवलीला जाते, आणि तिथेही मावससासू भेटतेच. दवाखान्याने नाव बाहेर फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही 2021 पासून कायद्यात आहे. याचं एखादं पान चित्रात असतं तर मी ते फाडून उपकेंद्राच्या दारावर चिकटवलं असतं.

वैद्यकीय बाजू नर्सच्या नजरेने वाचली. आधी मिफेप्रिस्टोनची गोळी, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, त्यानंतर कळा आणि रक्तस्राव. तरी नुसत्या पुस्तकावर विसंबू नका. तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि हे सलग दोन तास चाललंय, तर लगेच दवाखाना गाठायचा. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि जिवावर बेततं, म्हणून आधी तपासणी. मेडिकलमधून नवऱ्याने कागदात गुंडाळून आणलेली स्ट्रिप हा उपाय नव्हे.

पुस्तक आता जुनंही झालंय. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा स्वतःचाच 1973 चा ‘रो’ निकाल रद्द केला. त्यानंतर टेक्सससारख्या राज्यांत गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. या मुली जशा फोन करून क्लिनिकमध्ये जातात तसं तिथल्या मुलीला आज जमणार नाही. आमच्याकडे कायदा आहे आणि रस्ता नाही, त्यांच्याकडे नेमकं उलटं झालंय.

भाचीने आणखी दोन कॉमिक्स टॅबवर दाखवली. ‘ॲबॉर्शन ईव्ह’ त्याच 1973 चं, जॉइस फार्मर आणि लिन शेव्हली या दोघींनी काढलेलं. त्यातल्या पाचही बायकांची नावं ईव्ह, इव्हा, इव्हिटा अशी एकाच नावाची रूपं. चित्रं ओबडधोबड आणि मजकूर खच्चून भरलेला, माझ्या चष्म्याला झेपला नाही. पण काढणाऱ्यांना विषय आतून ठाऊक आहे हे कळतं. दुसरं ‘कॉमिक्स फॉर चॉइस’, 2017 चं, साठाहून जास्त जणांनी मिळून केलेलं. कोणाचा स्वतःचा अनुभव, कोणाचा इतिहास, कोणाचं आंदोलन. इतक्या हातांचं काम म्हणजे पंगतीतलं पान, सगळंच आवडेल असं नाही. हवं तिथून उघडून वाचावं.

मराठीत असं कोणी काढेल का? दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला हरले. मासिक मात्र 1953 पर्यंत, म्हणजे कर्वे गेले तोवर चाललं. एवढं सगळं आपल्याच भाषेत होऊन गेलंय. चित्रं काढणारी पोरं सावंतवाडीत काय कमी आहेत? त्यांना गंजिफा नि लाकडी खेळणी रंगवायला लावतात, तेही छान, पण जरा हाही विषय द्या.

किंमत आपल्या मानाने जास्त आहे, परदेशी पुस्तकाची असते तशीच. दोघी-तिघींनी मिळून घ्यावं. कॉलेजातल्या मुलींना, नर्सिंग शिकणाऱ्यांना आणि नव्या डॉक्टरांना तर जरूर. माझी प्रत सध्या एका आशाताईकडे आहे, तिची बारावीतली लेक तिला वाचून दाखवते. कोणाला हवी असेल तर नंबर त्यांच्यानंतर.