सहा महिने मास्क वापरल्यानंतर

फ्लूची साथ आली आणि आईच्या दम्याच्या धास्तीने मी मास्क लावायला लागले. आधी कापडी, मग तीन पदरी सर्जिकल, आणि गर्दीत जायचं असेल तेव्हा एन९५. सहा महिन्यांत माझं मत पक्कं झालंय: मास्क कुठला, याइतकंच तो चेहऱ्यावर कसा बसतो याला महत्त्व आहे.

हे मला चष्म्यामुळे कळलं. काचांवर वाफ धरली की समजायचं, नाकापाशी फट आहे. श्वास जिथून बाहेर निसटतो तिथूनच न गाळलेली हवा आतही येते. एन९५ ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो खरा, पण हवा त्याच्यातून गेली तरच ना! नाकावरची तार मी चिमटीत दाबायचे, त्याने मधे टोक यायचं आणि दोन्हीकडे पोकळी राहायची. आता दोन्ही हातांच्या बोटांनी मधून गालांकडे दाबत नेते. वाफ बंद. डोक्यामागून जाणारे पट्टे कानांत अडकवायच्या इलॅस्टिकपेक्षा घट्ट बसतात, आणि कानामागे सोलवटतही नाही.

एकदा एन९५ साबणाने धुतला. दिसायला लख्ख झाला, पण आतल्या पदरावरच्या ज्या विद्युतभाराने बारीक कण ओढले जातात, तोच धुण्याने कमी होतो. फेकून दिला. झडपवाला मास्कही घेऊ नका. आपला उच्छ्वास त्यातून तसाच बाहेर पडतो.

चौथ्या महिन्यात लेकीला ताप आला. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून फ्लू पसरू शकतो, आणि आदल्याच रात्री ती आजीच्या कुशीत झोपली होती. माझे हातपाय गळाले. आईला लक्षणं नसतानाही डॉक्टरांना लगेच फोन केला, कारण फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. लेकीची खोली वेगळी केली, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, तिला आणि मलाही मास्क. हात साबणाने २० सेकंद धुणं तर चालूच होतं. तापाचं औषध न घेता २४ तास ताप आला नाही, त्यानंतरच तिला शाळेत पाठवलं.

आईला फ्लू झाला नाही. तिने लसही घेतली होती, त्यामुळे श्रेय एकट्या मास्कला देणार नाही.

तक्रार एकच. आईला कमी ऐकू येतं, ती ओठांकडे बघून समजून घेते. मास्क लावून बोललं की ती नुसतीच मान डोलावते, आणि तिला काही कळलेलं नाही हे मला दिसतं. म्हणून महत्त्वाचं काही असलं की मी पाटीवर लिहून दाखवते.