पर्थ की सिडनी? युनायटेड कप मैदानात बसून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

पुरुष आणि महिला खेळाडू एकाच देशाच्या संघातून खेळतात, अशी युनायटेड कप ही टेनिस स्पर्धा दर वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर पर्थ आणि सिडनी या दोन शहरांत एकाच सुमारास भरते. 18 संघांपैकी नऊ पर्थमध्ये आणि नऊ सिडनीमध्ये खेळतात. ही शहरे एकमेकांपासून सुमारे 3300 किलोमीटर दूर आहेत, विमानाने चार ते पाच तास लागतात आणि जानेवारीत त्यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक असतो. त्यामुळे ‘दोन्हीकडे थोडे थोडे पाहू’ हा बेत कागदावर सोपा दिसला तरी खर्चिक आणि दमवणारा ठरतो, आणि बहुतेक प्रेक्षकांना एकच शहर निवडावे लागते. माझे मत आधीच सांगतो. ही स्पर्धा पहिल्यांदा पाहणाऱ्याने, करंडक उंचावला जाताना पाहण्याचा हट्ट नसेल तर, पर्थमधील गट साखळीचे दिवस निवडावेत. सिडनीची बाजूही कमकुवत नाही, पण ती वेगळ्या प्रकारच्या प्रेक्षकासाठी आहे.

निवडीपूर्वी स्पर्धेची रचना नीट समजून घ्यावी लागते, कारण तिकीट एका सत्राचे असते आणि एका सत्रात एकच देश-विरुद्ध-देश लढत होते. 2023 च्या पहिल्या वर्षी ब्रिस्बेन हे तिसरे शहरही यजमान होते आणि प्रत्येक लढतीत दोन पुरुष एकेरी, दोन महिला एकेरी व एक मिश्र दुहेरी असे पाच सामने होते. ते फार लांबत असे. 2024 पासून ब्रिस्बेन वगळले गेले आणि लढत तीन सामन्यांची झाली: एक पुरुष एकेरी, एक महिला एकेरी आणि शेवटी मिश्र दुहेरी. प्रत्येक शहरात तीन-तीन संघांचे तीन गट असतात. गटविजेते तीन संघ आणि त्या शहरात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या संघांपैकी सर्वोत्तम संघ मिळून चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात, आणि तिथल्या दोन लढतीही त्याच शहरात होतात. म्हणजे पर्थच्या वाट्याला नऊ साखळी लढती आणि दोन उपांत्यपूर्व लढती अशा एकूण अकरा येतात, तर सिडनीत तेवढ्याच लढतींशिवाय दोन उपांत्य आणि एक अंतिम लढत होते. अकरा विरुद्ध चौदा या आकड्यांवरून सिडनी सरस वाटते, पण त्या तीन जादा लढती कोणत्या परिस्थितीत खेळल्या जातात हे पाहिले की चित्र बदलते.

या स्पर्धेचा खरा स्वाद मिश्र दुहेरीत आहे, आणि एकेरीचे सामने तर वर्षभर कुठेही पाहायला मिळतात. गट साखळीत एखादा संघ दोन्ही एकेरी जिंकून 2-0 ने पुढे असला तरी तिसरा सामना खेळला जातो, कारण गटातील क्रम ठरवताना जिंकलेल्या सामन्यांची संख्या मोजली जाते. अंतिम लढतीत तसे होईलच असे नाही. 2023 मध्ये अमेरिकेने इटलीला 4-0 असे हरवले, तेव्हा मिश्र दुहेरीची गरजच उरली नाही. 2025 मध्येही कोको गॉफने पोलंडच्या इगा श्वियाँतेकला 6-4, 6-4 असे नमवले, टेलर फ्रिट्झने हुबर्ट हुर्काचविरुद्ध तिसरा सेट टायब्रेकमध्ये (सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) जिंकला आणि अमेरिकेने 2-0 ने करंडक उचलला. त्या रात्री सिडनीच्या प्रेक्षकांनी दोन उत्तम एकेरी सामने पाहिले, पण ज्या सामन्यासाठी ही स्पर्धा इतरांपेक्षा वेगळी आहे तो सामना झालाच नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण 2024 च्या अंतिम लढतीचे आहे, आणि सिडनीच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही. श्वियाँतेकने जर्मनीच्या अँजेलिक केर्बरला 6-3, 6-0 असे सहज हरवून पोलंडला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर हुर्काचला करंडकासाठी फक्त एक गुण हवा असताना अलेक्झांडर झ्वेरेवने असे दोन गुण वाचवले आणि तीन सेटमध्ये सामना फिरवला. मग त्याच झ्वेरेवने, दमलेल्या अंगाने, लॉरा सिगेमुंडसोबत श्वियाँतेक आणि हुर्काच यांच्याविरुद्ध मिश्र दुहेरी खेळून निर्णायक दहा गुणांचा टायब्रेक 10-4 असा जिंकून जर्मनीला करंडक मिळवून दिला. सिगेमुंड ही दुहेरीची मुरलेली खेळाडू आहे, आणि जाळ्याजवळची तिची चपळाई एकेरीतील दोन ताऱ्यांना भारी पडली. अशी रात्र पाहायला मिळाली तर पर्थचे सारे युक्तिवाद फिके पडतात. प्रश्न एवढाच, की अशी रात्र तिकीट काढताना मागून मिळत नाही.

मिश्र दुहेरीत कोण उतरणार हा कर्णधाराचा निर्णय असतो आणि संघात पुरुष आणि महिला असे तीन-तीनपर्यंत खेळाडू असू शकत असल्याने दुहेरीचे खास खेळाडू आणण्याची मुभा असते. 2026 च्या अंतिम लढतीत स्वित्झर्लंडविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाल्यावर पोलंडने श्वियाँतेक आणि हुर्काचऐवजी काटाझिना कावा आणि यान झिएलिन्स्की यांना उतरवले, आणि दोन वर्षे अंतिम लढतीत हरलेल्या पोलंडला त्यांनीच पहिले विजेतेपद मिळवून दिले. टेनिसच्या दृष्टीने हा निर्णय अगदी रास्त होता. परंतु केवळ मोठी नावे मिश्र दुहेरीत पाहण्याच्या आशेने जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की लढत जितकी महत्त्वाची तितकी तिथे दुहेरीचे जाणकार दिसण्याची शक्यता वाढते. साखळीत, विशेषतः निकाल आधीच लागलेल्या लढतीत, मामला थोडा मोकळा असतो.

मिश्र दुहेरीचे नियमही प्रेक्षकाला सोयीचे आहेत. गेममध्ये 40-40 झाल्यावर ड्यूसचा खेळ लांबत नाही, एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. त्या गुणावर सर्व्हिस पुरुषाची असेल तर ती पुरुषाने परतवायची आणि स्त्रीची असेल तर स्त्रीने. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असल्यामुळे दोन दीर्घ एकेरी सामन्यांनंतरही हा भाग कंटाळवाणा होत नाही. तरीही एकेरीचे दोन्ही सामने तीन सेटपर्यंत गेले तर एक लढत पाच-सहा तासांची होऊ शकते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी संध्याकाळच्या सत्राऐवजी दिवसाचे सत्र घ्यावे, असे मी दोन्ही शहरांसाठी सांगेन.

पर्थला या खेळाची जुनी सवय आहे. एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोघांच्याच संघांची हॉपमन कप ही स्पर्धा 1989 ते 2019 या काळात याच शहरात भरत होती. डेव्हिस चषक या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे दीर्घकाळ कर्णधार राहिलेल्या हॅरी हॉपमन यांचे नाव तिला दिले होते. दोघांच्याच संघामुळे एकेरीतल्या ताऱ्यांना मिश्र दुहेरी टाळण्याची सोयच नव्हती, आणि म्हणूनच 1 जानेवारी 2019 रोजी रॉजर फेडरर आणि सेरेना विल्यम्स जाळ्याच्या दोन बाजूंना उभे राहू शकले. तो सामना पाहायला 14 हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. फेडरर आणि बेलिंडा बेन्चिच या स्विस जोडीने तो जिंकला. युनायटेड कपच्या रचनेत असा योग जुळून येणे अवघड आहे, आणि या एका बाबतीत जुनी स्पर्धा नव्या स्पर्धेपेक्षा सरस होती असे मला वाटते. परंतु त्या तीस वर्षांत तयार झालेला प्रेक्षक अजून पर्थमध्येच आहे. यजमान संघ खेळत नसतानाही, अनोळखी जोडीच्या चांगल्या व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याला) दाद देणारे लोक तिथे बसलेले असतात.

स्टेडियमच्या बाबतीत दोन्ही शहरे वेगळा अनुभव देतात. पर्थचे आरएसी अरिना 2012 साली उघडले. ते सरकत्या छताचे, वातानुकूलित, बंदिस्त आणि आकाराने मोठे आहे. जानेवारीत पर्थचे तापमान 40 अंशांच्या पुढे जाऊ शकते, पण छत बंद असले की आत त्याचा त्रास होत नाही आणि पावसाने खेळ थांबण्याचा प्रश्नही येत नाही. सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कमधील केन रोझवॉल अरिना 2000 च्या ऑलिम्पिकसाठी बांधले गेले. तिथे साडेदहा हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. 2020 च्या जानेवारीत एटीपी कप ही पुरुषांची सांघिक स्पर्धा भरण्यापूर्वी त्यावर कायमचे छत घातले गेले, त्यामुळे ऊन आणि पाऊस अडतो, पण बाजू मोकळ्या असल्याने वारा, दमटपणा आणि दिवसाचा उजेड आत येतो. मोकळ्या हवेतले टेनिस ज्यांना आवडते त्यांना सिडनी अधिक भावेल. माझ्या मते लहान स्टेडियममध्ये वरच्या रांगेतूनही चेंडूचा फिरका नीट कळतो, हा सिडनीचा एक दुर्लक्षित गुण आहे. पर्थच्या सर्वांत वरच्या रांगा मात्र कोर्टपासून बऱ्याच लांब आहेत, तिथे पैसे वाचवण्याच्या मोहात पडू नये.

जाण्यायेण्याच्या सोयीत पर्थ सरळ पुढे आहे. आरएसी अरिना शहराच्या मध्यभागी, मुख्य रेल्वे स्थानकाजवळ आहे, त्यामुळे शहरात उतरलेला माणूस रात्री उशिरा संपलेल्या लढतीनंतरही पायी परतू शकतो. ऑलिम्पिक पार्क सिडनीच्या मध्यवर्ती भागापासून पश्चिमेला सुमारे 15 किलोमीटरवर आहे. तिथे स्वतःचे रेल्वे स्थानक आहे, पण एरवीच्या गाड्यांनी जाताना लिडकम येथे गाडी बदलावी लागते. रात्रीच्या सत्राची तिकिटे असतील तर मुक्काम शहरात न ठेवता ऑलिम्पिक पार्क किंवा पॅरामॅटाच्या बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

सिडनीचा एक मोठा फायदा टेनिसबाहेरचा आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिडनी क्रिकेट ग्राउंडवर नववर्षाची कसोटी असते. 2025 मध्ये भारताविरुद्धची कसोटी 3 जानेवारीला सुरू होऊन 5 जानेवारीला संपली, आणि त्याच दिवशी युनायटेड कपची अंतिम लढतही झाली. क्रिकेट आणि टेनिस दोन्हींचे वेड असणाऱ्याला याहून चांगला आठवडा शोधून सापडणार नाही. त्याची दुसरी बाजू म्हणजे 31 डिसेंबरची आतषबाजी, कसोटी आणि टेनिस यांची गर्दी एकत्र आली की मुक्कामाचे दर चढतात आणि खोल्या लवकर संपतात. स्पर्धेच्या तारखाही दर वर्षी सरकतात. 2025 ची स्पर्धा 27 डिसेंबर 2024 रोजीच सुरू झाली होती, तर 2026 ची 2 जानेवारीला सुरू होऊन 11 जानेवारीला संपली. नववर्षाच्या रात्रीचा हिशोब म्हणूनच त्या वर्षाचे वेळापत्रक पाहून करावा.

एखाद्या विशिष्ट खेळाडूसाठी जायचे असेल तर शहराची निवड आपल्या हातात राहत नाही. गट कोणत्या शहरात हे सोडतीने ठरते आणि काही महिने आधी जाहीर होते. ऑस्ट्रेलियाचा संघ 2024 मध्ये पर्थला होता, 2025 आणि 2026 मध्ये सिडनीला. साखळीत प्रत्येक संघ फक्त दोन लढती खेळतो, त्यामुळे त्या दोन्हींची तिकिटे घेणे हा एकच खात्रीचा मार्ग, आणि तीही खात्री पूर्ण नसते. हंगामाची ही सुरुवात असल्याने खेळाडू दुखापतीचा धोका पत्करत नाहीत. 2024 मध्ये पर्थला नोव्हाक जोकोविच मनगटाच्या दुखण्यावर उपचार घेत खेळला आणि ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स डी मिनॉरने त्याला सरळ सेटमध्ये हरवले. घरच्या प्रेक्षकांसाठी ती संध्याकाळ अविस्मरणीय होती. केवळ जोकोविचसाठी दुरून आलेल्यांची मात्र निराशा झाली असणार.

पर्थ निवडले तर विजेता संघ पाहायला मिळणार नाही, ही शंका वारंवार घेतली जाते आणि ती फारशी खरी नाही. गेल्या तिन्ही अंतिम लढतींत एक संघ पर्थमधून आणि एक सिडनीमधून आला होता: 2024 मध्ये पोलंड, 2025 मध्ये अमेरिका आणि 2026 मध्ये स्वित्झर्लंड हे पर्थमध्ये खेळून पुढे गेले. उपांत्य फेरीत एका शहराचा संघ दुसऱ्या शहराच्या संघाशी भिडतो. पर्थच्या संघांना मधल्या काळात देश ओलांडणारा प्रवास करावा लागतो, तरी त्यांनी त्याचे फारसे निमित्त केलेले नाही.

या दोन शहरांपलीकडचे पर्याय थोडक्यात सांगता येतात. हॉपमन कप 2023 मध्ये फ्रान्समधील नीस येथे आणि 2025 मध्ये इटलीतील बारी येथे जुलैत भरला, 2024 मध्ये तो झाला नाही. दर वर्षी होईलच असा भरवसा नसलेल्या स्पर्धेसाठी आधीपासून सुट्टी राखून ठेवणे मला पटत नाही. युनायटेड कपच्याच सुमारास ब्रिस्बेनला पुन्हा नेहमीची वैयक्तिक स्पर्धा होते. एकाच खेळाडूचा रोजचा प्रवास पाहायचा असेल, देशाच्या संघात रस नसेल, तर तिकडे जावे.

पुढे मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन पाहण्याचा बेत असेल तर सिडनीहून ते अंतर विमानाने दीड तासाच्या आत आहे, पर्थहून सुमारे चार तासांचे. 2025 मध्ये ओपन 12 जानेवारीला आणि 2026 मध्ये 18 जानेवारीला सुरू झाली, म्हणजे युनायटेड कपची अंतिम लढत आणि ओपनचा पहिला दिवस यांत दोन्ही वर्षी साधारण आठवड्याचे अंतर होते. अशा प्रवाशाने पर्थमध्ये साखळीचे तीन दिवस पाहून थेट मेलबर्नला जावे किंवा सिडनीत उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम लढतीपर्यंत थांबावे. दोन्हींतला दुसरा मार्ग निवडणाऱ्याने अंतिम लढतीच्या तिकिटाइतकेच लक्ष उपांत्य लढतींच्या तिकिटांकडे द्यावे, कारण तिथे एकाच मुक्कामात चार संघ पाहायला मिळतात आणि दोनपैकी किमान एका लढतीत मिश्र दुहेरी निर्णायक ठरण्याची आशा ठेवता येते.