कमी किमतीचे .३२ पिस्तूल: दुकानातच उघडून जोडून पाहावे असे

आत्मसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळालेल्या माणसापुढे सांगलीत फारसे पर्याय नसतात. ९ मिलिमीटर काडतुसाचे पिस्तूल सामान्य नागरिकाला घेता येत नाही आणि .३२ बोअरमधील जुनी परदेशी पिस्तुले हाताबाहेरच्या किमतीला विकली जातात, म्हणून मीही देशी बनावटीचे, आटोपशीर आकाराचे एक पिस्तूल घेतले. ते कमरेला जड वाटत नाही आणि हातात नीट बसते. चाप मात्र गरजेपेक्षा कडक आहे.

तक्रारींपैकी पहिली गोळी अडकण्याची. .३२ काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते, त्यामुळे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की ते वर सरकतच नाही. प्रत्येक काडतूस भरताना वरची कड पुढे आहे ना, हे पाहिल्यावर हा त्रास बराच कमी झाला. उरलेला दोष मॅगझिनच्या ओठांचा, म्हणजे वरचे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडांचा होता. एक बाजू थोडी आत वळलेली होती आणि परवानाधारक कारागिराने ती सरळ करून दिली. नवे पिस्तूल भरपूर गोळ्या झाडून मोकळे करून घ्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो; परंतु परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसेच मोजकी असताना तो आपल्याकडे पाळायचा कसा, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

खरी डोकेदुखी मात्र पुन्हा जोडणीची आहे. याची रचना बंदूकरचनाकार ब्राउनिंगच्या १९१० च्या पिस्तुलाच्या वळणाची असून स्प्रिंग बॅरलभोवतीच (नळीभोवतीच) बसते आणि पुढे एक कडे तिला दाबून धरते. बॅरल फिरवून फ्रेममध्ये अडकवणे सोपे जाते. पण शेवटी स्प्रिंग दाबत ते कडे खाचेत फिरवताना अंगठा घसरला, तर कडे थेट कपाटाखाली जाते. माझ्या पिस्तुलात खाचेची धार खडबडीत राहिली होती, त्यामुळे कडे बसल्यासारखे वाटे आणि बोटाने हलवले की सुटे. कारखान्यातून निघताना एवढी सफाई व्हायलाच हवी होती. जोडताना पुढे रिकामी भिंत असावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि त्याही आधी मॅगझिन काढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामे असल्याची खात्री करावी, कारण बाहेर घोडा नसलेले हे पिस्तूल नुसते पाहून काही सांगत नाही.

आपल्याकडे शस्त्राला तेल लागते ते बहुधा खंडेनवमीला, तेही हात सैल सोडून. त्यात आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले पिस्तूल आठवडेच्या आठवडे पडून राहते, तेल घट्ट होते आणि परत आल्यावर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, रेंगाळते. कृष्णाकाठच्या पावसाळी दमटपणात गंजही लवकर धरतो. अशा वेळी दोष पिस्तुलाच्या माथी मारणे योग्य नाही.

किमतीच्या मानाने मी ते घ्यावे असेच म्हणेन, मात्र विक्रेत्यासमोर स्वतःच्या हाताने उघडून, जोडून आणि सोबतची दोन्ही मॅगझिन घालून-काढून पाहिल्यावरच. विक्रेता त्याला नाही म्हणत असेल, तर दुसरे दुकान गाठावे.