28 मिमी की 15 मिमी? सात महिने, एक पावसाळा आणि भस्म फासलेले शिपाई

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी लढाईच्या देखाव्यासाठी रंगवलेल्या चोवीस चिमुकल्या शिपायांवर (28 मिमी उंचीचे पुतळे) मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, व्हार्निशचा स्प्रे मारला आणि अर्ध्या तासात सगळे पांढरेफटक. लाल कोट पेरूच्या गरासारखे गुलाबी, काळ्या टोप्यांवर राख. आई पडवीत डोकावून म्हणाली, "भस्म फासलंस काय रे त्यांना?" एकेकाला रंगवायला दोन-अडीच तास गेले होते. नाहीतर 28 मिमीचं कौतुकच लिहिणार होतो.

आता मापांचं. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. 28 मिमी कोणी तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कोणी डोक्यापर्यंत. माझ्याकडे दोन कंपन्यांचे 28 आहेत, शेजारी उभे केले की काका-पुतणे वाटतात. 1/72 हे तिसरं माप, म्हणजे खऱ्याच्या बहात्तरावा भाग: साडेपाच फुटी माणूस साधारण 23 मिमी. स्वस्त, पण मऊ प्लॅस्टिक. साबणाच्या पाण्यात धुऊन रंगवले तरी संगीन वाकली की रंगाचा पापुद्रा निघतो. तो डबा भाच्याला दिला.

मला मांडायची आहे असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803. इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज, समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा, सगळं दोन नद्यांच्या बेचक्यात. 28 मध्ये दोन पलटणी उभ्या केल्या की आमचं जेवणाचं टेबल संपतं. नद्या काय पाटाखालून नेऊ? तरी मार्चमध्ये 28 च घेतले, कारण 15 म्हणजे तांदूळ रंगवणं असं वाटायचं. नंतर थोडे 15 चेही रंगवले, तसं नाही. पृष्ठभागाचा हिशोब केला तर 28 ला साडेतीनपट रंगकाम, आणि वर बटणं, मिशा, पट्ट्यांची बक्कलं. 15 ला काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), लाल कोट, पांढरे पट्टे, एक वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), झालं. हातभर लांबून बघितलं तर फरक कळत नाही, आणि लढाई हातभर लांबूनच बघायची असते.

पुन्हा व्हार्निश. दुकानदाराला फोटो पाठवले. आधी म्हणाला, "कॅन हलवला नसेल." मी दोन मिनिटं हलवला होता, मोजून. मग म्हणाला, दमट हवेत मारायचाच नाही, कॅनवर लिहिलंय. भिंग घेऊन पाहिलं, लिहिलंय, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. जूनपासून इथे भिंतीला बुरशी येते, कोरडी हवा आणू कुठून? चार दिवस भांडलो. पैसे मिळाले नाहीत.

पण चूक माझीच, हे आता कबूल. स्प्रेचा वायू बाहेर पडताना थंड होतो, हवेतला ओलावा त्या थरात अडकतो, पृष्ठभाग खरबरीत होऊन पांढरा दिसतो. रंग खाली शाबूत असतो. एका शिपायावर ब्रशने ग्लॉस व्हार्निश लावून पाहिलं आणि लाल कोट परत आला! चोवीसपैकी एकवीस वाचले. तिघांच्या तोंडावर अजून पिठूळ छटा आहे, त्यांना मागच्या रांगेत घातलंय. त्याच दिवशी त्याच कॅनने फवारलेले 15 मिमीचे मात्र तसेच ठेवलेत. त्यांच्यावर ती राख रणांगणाची धूळ वाटते.

यापुढे 15 च. पावसाळ्यात फक्त ब्रशचं व्हार्निश. अर्धा कॅन उरलाय, टाकवत नाही. दिवाळीनंतर खळ्यात ऊन आलं की मारीन.