ब्लेकचा शाळकरी की पाडगावकरांचा भोलानाथ?

भाचीला स्नेहसंमेलनात कविता म्हणायचीय. इंग्रज कवी विल्यम ब्लेकची ‘द स्कूलबॉय’ की मंगेश पाडगावकरांचं ‘सांग सांग भोलानाथ’, यावर घरात दोन तट पडलेत.

पाठांतराला भोलानाथ सोपा, निम्मा तर आधीच तोंडपाठ असतो. ब्लेकच्या ३० ओळी, त्याही १८व्या शतकातल्या इंग्रजीत.

शाळेचं दडपण मात्र ब्लेककडे खरं बोचतं. उन्हाळ्याच्या सकाळी पाखरांत रमणारा पोर वर्गात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोमेजतो. (१७८९च्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’, म्हणजे निरागसतेची गीतं, या संग्रहातून ब्लेकने ही कविता पुढे ‘साँग्ज ऑफ एक्स्पिरियन्स’, म्हणजे अनुभवाची गीतं, यात हलवली, योग्यच केलं.) पाडगावकरांचा पोर कोमेजत नाही, गणिताचा पेपर चुकवायला दुखणंच मागतो.

दुसरी-तिसरीतल्या भाचीला भोलानाथच. क्लासने पिचलेल्या दहावीच्या मुलासोबत बसून वाचायला ब्लेक.