घरात शिरलेला भुंगा: ग्लास, अंधार की जाळी?

भुंग्याला मारायचं नाही, हे बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. अडतं ते त्याला बाहेर कसं काढायचं आणि पुन्हा येऊ नये म्हणून किती खटाटोप करायचा, यावर. प्रचलित मार्ग तीन आहेत: ग्लासखाली धरून नेणं, खोली अंधारी करून एकच खिडकी उघडी ठेवणं, किंवा सरळ खिडक्यांना जाळ्या बसवणं. तिन्ही चालतात, पण तिघांच्या फसण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत आणि निवड त्यावरूनच करावी.

काहीही करण्याआधी छताचा पंखा बंद करा. घरात शिरलेले कितीतरी भुंगे पंख्याच्या पात्याला लागून मरतात किंवा अर्धमेले होऊन जमिनीवर पडतात, आणि मग कुणाचा तरी अनवाणी पाय त्यावर पडतो. कीटकनाशकाचा फवारा मारण्यातही हाच धोका. भुंगा लगेच मरत नाही, गुंगून कोपऱ्यात पडतो आणि नंतर डसतो. त्याची नांगी मधमाशीसारखी काटेरी नसते, त्यामुळे ती त्वचेत अडकून तुटत नाही आणि तो एकापेक्षा जास्त वेळा डसू शकतो. नराला मात्र नांगीच नसते. एरवी उडता भुंगा उगाच कुणाच्या वाटेला जात नाही. तो माणसाला नाही, काचेला टकरा देत असतो.

घरात आलेला कोणता, हेही बघून घ्यावं. अंगभर दाट केस, त्यावर पिवळे-काळे किंवा पांढरट पट्टे, तर ती बंबलबी. ही थंड हवेच्या प्रदेशातली. पोट चकचकीत काळं, जवळपास बिनकेसाचं आणि पंखांना निळी-जांभळी झाक असेल, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. बाहेर काढण्याची रीत दोघांना एकच, फरक पडतो तो पुढच्या बंदोबस्तात.

ग्लासची रीत सगळ्यांना माहीत आहे, पण ती फसते पुठ्ठ्यामुळे. साधा कागद मध्ये वाकतो, कडेला फट पडते आणि भुंगा तिथून निसटतो. फाइलच्या कव्हरइतका ताठ पुठ्ठा हवा, निदान 15 सेंटिमीटर लांब-रुंद. ग्लासचं तोंड 7-8 सेंटिमीटर असावं. त्याहून अरुंद असलं तर काठाखाली पाय चिरडतात. ग्लास पारदर्शकच घ्यायचा. भुंगा नेमका कुठे आहे ते त्यातून दिसत राहतं, स्टीलच्या वाटीखाली मात्र ते कळत नाही. प्लास्टिकचा पारदर्शक डबा उत्तम, कारण त्याची कड सपाट असते आणि हातातून पडला तरी फुटत नाही.

उडत्या भुंग्यामागे ग्लास घेऊन धावू नका. तो खिडकीच्या काचेवर बसेपर्यंत थांबा, मग ग्लास सरळ समोरून सावकाश टेकवा. काचेवरचा भुंगा वर चढत राहतो, म्हणून पुठ्ठा खालच्या बाजूने आत सरकवायचा. वरून सरकवला तर नेमका त्याच्या पायांवर येतो. पुठ्ठा पूर्ण आत गेला की एका हाताने तो दाबून धरून ग्लास काचेपासून सोडवा.

बाहेर गेल्यावर एक छोटी गोष्ट हमखास राहून जाते. पुठ्ठा काढला तरी भुंगा निघत नाही, ग्लासच्या बुडाशीच धडका देत बसतो, कारण उजेड त्याला तिकडूनच दिसत असतो. ग्लास आडवा करून तोंड आकाशाच्या उजेडाकडे करा आणि बुडावर तळहात धरून सावली करा, तो लगेच चालत बाहेर येतो.

या रीतीला मर्यादा आहेतच. छत, ट्यूबलाइटची पट्टी, पडद्याची घडी, खिडकीच्या चौकटीचा कोपरा, यांपैकी कुठेच ग्लास सपाट बसत नाही. शिवाय भुंग्यापासून हातभर अंतरावर जायचं धैर्य घरातल्या प्रत्येकाकडे नसतं, ज्याला डंखाची ॲलर्जी आहे त्याने तर हे करूच नये.

दुसरी रीत अंधाराची. भुंगा उजेडाकडे ओढला जातो आणि काच म्हणजे अडसर, हे त्याला समजत नाही. म्हणून खोलीतले दिवे बंद करायचे, सगळे पडदे ओढायचे आणि एकच खिडकी पूर्ण उघडी ठेवायची. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा घाबरट मंडळी असलेल्या घरांना ही रीत आवडते, आणि त्यात गैर काही नाही. जुन्या पद्धतीच्या बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांच्या खिडकीत ती फार चांगली चालते, कारण सगळा उजेड उघड्या जागेतूनच येतो.

स्लायडिंग खिडकीत गणित बिघडतं. ती जास्तीत जास्त अर्धीच उघडते. उरलेल्या अर्ध्या भागात एकामागे एक दोन काचा येतात आणि भुंगा निम्म्या वेळा तिथेच जातो. त्यावर उपाय म्हणजे बंद अर्ध्या भागावर जाड चादर किंवा पुठ्ठा लावून उजेड तोडणं. तेही केलं नाही तर तो दोन काचांच्या मधल्या फटीत शिरतो. तिथे हात पोचत नाही, ग्लास तर नाहीच, आणि काच सरकवावी तर तो चेंगरतो. अशा वेळी त्या फटीत वरच्या बाजूने रुंद पट्टी किंवा लांब पुठ्ठा सोडून त्याला हळूहळू मोकळ्या कडेकडे चालवत न्यावं लागतं.

पण माझं मत या रीतीविरुद्ध गेलं ते स्लायडिंग खिडकीमुळे नाही. भुंगा गेला की नाही, हेच या रीतीत कळत नाही. खोली अंधारी, दार लावलेलं, आत गुणगुण चालू. थोड्या वेळाने गुणगुण थांबते. आता तो बाहेर गेला, की पडद्याच्या घडीत बसला? अंधार झाला की दिवसा उडणारा भुंगा उडणं थांबवून जागच्या जागी बसतो, त्यामुळे शांतता हा पुरावा होत नाही. पडदे झटकावेत तर तो हातावर यायची भीती, न झटकावेत तर रात्री दिवा लावल्यावर तो पुन्हा दिव्याभोवती घिरट्या घालायला हजर. सबंध संध्याकाळ ती खोली संशयाखाली राहते, अंथरूण घालण्याआधी उशा उलट्यापालट्या कराव्या लागतात. ग्लासमध्ये भुंगा डोळ्यांसमोर असतो. तो उडून गेलेला दिसतो आणि विषय संपतो. कुणाला ही बाब किरकोळ वाटेल, पण मला दोन्ही रीतींतला खरा फरक तोच वाटतो.

म्हणून अंधार टाकाऊ आहे, असं अजिबात नाही. छतावर बसलेल्या भुंग्याला खिडकीच्या काचेवर आणायला अंधारच उपयोगी पडतो: दिवे बंद, एक खिडकी सोडून बाकी पडदे बंद, आणि ती खिडकी उघडायची नाही. तो काचेवर आला की ग्लास. रात्र असेल तर खोलीतल्या एका कोपऱ्यात भिंतीजवळ टेबललॅम्प लावून बाकी दिवे घालवा, तो त्या भिंतीवर येऊन बसण्याची शक्यता बरीच असते. सोडताना बाहेरचा दिवा बंद हवा, नाहीतर तो त्यालाच चिकटतो. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांमध्ये रात्रीचे उडणारेही आहेत. झायलोकोपा ट्रँकेबारिका ही जात तर चंद्र नसलेल्या रात्रीही फिरते. तेव्हा ‘रात्री भुंगा कुठून आला’ याचं फार आश्चर्य नको.

काचेखाली निपचित पडलेली बंबलबी दिसली तर ती मेलीच असं समजू नका. काचेशी झगडून तिची शक्ती संपलेली असते. दोन भाग पांढरी साखर आणि एक भाग पाणी, त्याचे एक-दोन थेंब चमच्यात घेऊन तिच्या तोंडासमोर ठेवा, अंगावर ओतू नका. मध देऊ नका, त्यातून दुसऱ्या पोळ्यातले रोगजंतू तिच्यापर्यंत जाऊ शकतात. उडण्याआधी ती स्नायू थरथरवून अंग तापवते, त्यामुळे खाल्ल्यावर थोडा वेळ जागीच बसून राहिली तर घाई करू नये. मधला पाय उचलून दाखवला तर तो ‘मागे हो’चा इशारा.

आता जाळी. हिचा फायदा उघड आहे आणि डासांसाठी ती बसवायचीच असेल तर प्रश्नच मिटला. नुसत्या भुंग्यासाठी मात्र डासांची बारीक जाळी लागत नाही, 3 मिलिमीटर छिद्रांची पुरते आणि वारा बराच जास्त येतो. व्हेल्क्रोची जाळी बसवायला सोपी, पण धूळ आणि उन्हाने पट्टीचा गोंद आधी कोपऱ्यात सुटतो, भुंगा तिथून आत येतो आणि जाळी व काच यांच्या मध्ये अडकतो. सरकत्या जाळीची फट अधिक फसवी असते. खिडकी पूर्ण उघडली तर जाळीची आणि काचेची उभी चौकट एकमेकींवर येते, मधली ब्रशपट्टी फट बुजवते. खिडकी अर्धवट उघडी ठेवली की या दोन चौकटी जुळत नाहीत आणि बोट जाईल एवढी वाट उरते. जाळी असूनही भुंगे येतात अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

तसंही सगळे भुंगे खिडकीतून येत नाहीत. एकाच खोलीत वरचेवर दिसत असतील तर एसीच्या पाइपभोवतीचं भोक, एक्झॉस्ट फॅनची चौकट आणि वायुवीजनाच्या खिडक्या बघा. बंबलबीची राणी हिवाळा संपल्यावर घरट्यासाठी जागा शोधत फिरते, उंदरांची जुनी बिळं आणि भिंतीतल्या पोकळ्या तिला आवडतात. भिंतीत घरटं झालंच असेल तर येण्याजाण्याची वाट बुजवू नका, आतल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती बहुधा घरात निघते. त्यांची वसाहत एकाच हंगामाची. ती संपली की मग भोक बुजवा.

लाकूड पोखरणाऱ्याची खूण वेगळी: चौकटीला किंवा बांबूला साधारण सेंटिमीटरभर व्यासाचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक आणि खाली भुसा. आत बोगदा काटकोनात वळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातो, त्यामुळे तोंडाशी नुसती लांबी (पुटी) भरून भागत नाही. आत कुणी नाही याची खात्री झाल्यावर लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, वरून लांबी आणि मग तैलरंग. रंगवलेल्या लाकडाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत.

घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर माझी पसंती बाजूला ठेवून जाळीच घ्यावी. डंखानंतर श्वास लागला किंवा ओठ-चेहरा सुजला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. बाकीच्यांनी एक डबा आणि एक पुठ्ठा खिडकीजवळ हाताशी ठेवून हंगामभर बघावं, मग जाळीच्या खर्चाचं ठरवावं. आणि जाळी बसवलीच, तर प्रत्येक खोलीत निदान एक तरी जाळी आतून सहज उघडेल अशी करून घ्या. दारातून आलेल्या भुंग्याला पक्क्या जाळीच्या घरातून बाहेर पडायला वाटच नसते, आणि जाळीला तो नखांनी असा धरून बसतो की पुठ्ठा खालून सरकवता येत नाही.