घर ते ऑफिस १.४ किलोमीटर : सात गिअरच्या सायकलीचे १४ महिने

परवा ऑफिसात एकीनं विचारलं, "तुझ्यासारखीच सायकल घेऊ का गं?" वर्षापूर्वी दोघांनी हेच विचारलं होतं, तेव्हा मी "डोळे मिटून घ्या" म्हणाले होते आणि दोघांनी खरंच घेतल्या. या वेळी मी आधी विचारलं, "घर किती लांब आहे तुझं?" ती ताळगावहून येते, चार-साडेचार किलोमीटर. तिला घे म्हणाले. तो प्रश्न का विचारला, ते जरा सविस्तर लिहिते.

सायकल सात गिअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, ७०० बाय ३५ चे टायर, पुढे सस्पेन्शन नाही. बाकीची माहिती कुठेही मिळेल. किंमत पडली २१,५०० रुपये.

आधी आम्ही जुने गोव्याला राहायचो. तिथून पणजीतल्या पाटोला माझं ऑफिस ९ किलोमीटर. चार वर्षं मी बिनगिअरच्या साध्या लेडीज सायकलवरून हे अंतर रोज काटलं, पावसाळ्याचे दोन महिने कदंबाच्या बसनं. गांधी सर्कलपासून मांडवीच्या कडेनं रायबंदर, फेरीबोटीचा धक्का मागे टाकला की कॉजवे, म्हणजे पाणथळीतून गेलेला बांधावरचा रस्ता, आणि कॉजवे संपला की पाटो. चाळीस मिनिटं लागायची. घरातून निघताना डोक्यात जे काही असायचं, डबा, गॅसचा नंबर, मुलीचं बिनसलेलं, ते रायबंदरपर्यंत पुरायचं. कॉजवेवर खारफुटीचा वास नाकात शिरला की कामाचं सुचायला लागायचं. ऑफिसात पोचेपर्यंत पहिल्या दोन तासांची कामं लावून झालेली असायची.

मग मुलीची शाळा आणि सासूबाईंचे गुडघे यांमुळे आम्ही पणजीत मळ्याला भाड्यानं घर घेतलं. ऑफिस जवळ आलं म्हणून सगळे खूश होते, मीही होते. त्याच आठवड्यात दसरा होता. जुनी सायकल १,२०० ला विकली आणि ही नवी आणून तिला झेंडूची माळ घातली. इतकी वर्षं साध्या सायकलीवर काढली, आता चांगली घेऊ, एवढाच विचार होता. नव्या घरापासून ऑफिस १.४ किलोमीटर आहे हे माहीत होतं, पण १.४ म्हणजे नक्की काय ते कळलं नव्हतं.

ते असं असतं. जिन्याखालून सायकल काढायची, कुलूप उघडायचं, हेल्मेट, सलवारीला क्लिप, कॅरियरवर डबा आणि पर्स इलॅस्टिकच्या दोरीनं बांधायची. चार मिनिटं. मळ्यातून उतरायचं, फोंताइन्हासच्या कडेच्या खाडीवरून पाटोचा पूल, की ऑफिसचं गेट. साडेपाच मिनिटं. मग परत कुलूप, दोरी, क्लिप, हेल्मेट. तीन मिनिटं. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे, एकदा नाही, आठवडाभर. एकूण साडेबारा मिनिटं. चालत सतरा लागतात. म्हणजे साडेएकवीस हजार खर्चून मी रोज साडेचार मिनिटं वाचवत होते. पाय सैल व्हायला लागतात तेवढ्यात ब्रेक दाबायची वेळ येते. डब्यावरून घरात जे बोलणं झालेलं असतं ते तोंडात तसंच घेऊन मी खुर्चीत बसते.

पहिले आठ महिने तरीही मी सायकलीची तारीफच करत होते. सीट छान, हँडल छान, टायर छान. टायरला मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असल्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते, ही सोय तर मी प्रत्येकाला सांगायची. डिस्क ब्रेक सकाळी दमटपणामुळे किंचाळायचे, पण ऑफिस येईपर्यंत चालायचं म्हणून सोडून दिलं.

हिशेबाची सवय आहे मला. कालनिर्णयवर दुधाच्या खालच्या जागेत मी किलोमीटर लिहिते. मेअखेरीला बेरीज केली तर आठ महिन्यांत साधारण ४८० किलोमीटर झाले होते. साडेएकवीस हजाराला भागलं तर किलोमीटरला जवळजवळ ४५ रुपये. जुन्या सायकलीवर ४८० किलोमीटर मी सत्तावीस दिवसांत करायची. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पहिल्या मोठ्या सरीनंतर शनिवार-रविवार सायकल जिन्याखाली उभी होती. सोमवारी पाटोच्या पुलावर चेन अडकली. पायडल पुढे जाईना, मागेही येईना. ढकलत ऑफिसला नेली आणि संध्याकाळी जिथून घेतली त्या दुकानात. घेताना 'पहिल्या वर्षात तीन सर्व्हिसिंग फुकट' असं तोंडभर सांगितलं होतं. आता कार्ड उलटं करून दाखवलं, मागे बारीक अक्षरात : तिसरं सर्व्हिसिंग सहा महिन्यांच्या आत. मी दुसऱ्यालाही गेले नव्हते, कारण महिन्याला साठ किलोमीटर चाललेल्या सायकलीचं सर्व्हिसिंग कशाला, असं वाटलं होतं. गंज वॉरंटीत बसत नाही, हे वेगळं ऐकवलं. मी अर्धा तास भांडले. समुद्राकाठच्या गावात सायकल विकता तर गंजाचं आधी सांगायला नको का, एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते आजही आहे. विकताना तोंडी सांगायचं आणि भांडताना कार्ड दाखवायचं, ही पद्धत चुकीची आहे. नवी सायकल घेणाऱ्यांनी कार्डाची मागची बाजू दुकानातच वाचावी.

शेवटी आमच्या वाटेवरच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले. त्याने मागचं चाक काढलं, फ्रीव्हील माझ्यासमोर धरलं आणि बोटानं एकेक चकती दाखवली. चौथी आणि पाचवी घासून चकचकीत. तिसरी, सहावी मळकट. सगळ्यात लहान, सातव्या गिअरची चकती तांबूस गंजलेली, तिच्या दातांना चेन लागल्याची खूणच नव्हती. तो म्हणाला, "ही सायकल चलयल्ली न्हय बाय, दवरिल्ली." म्हणजे चालवलेली नाही, नुसती ठेवलेली.

दुकानाशी भांडताना मला जेवढा राग आला नव्हता तेवढं वाईट त्या वाक्यानं वाटलं, कारण ते खरं होतं. नवी चेन ६५० आणि मजुरी २००. फ्रीव्हील त्यानं घासून परत बसवलं, बदलायला लावलं नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं : अंतर इतकं कमी असेल तर चेन गंजणारच, दोष अंतराचा. हे मत मला बदलावं लागलं, आणि ते आमच्या वाड्यावर पाव विकायला येणाऱ्या पोदेरामुळे. सकाळी सहाला त्याचा पों-पों ऐकू येतो. टोपलीवर निळं प्लास्टिक, आत गरम पाव. तो तर माझ्याहून तुटक चालवतो, दहा घरं, थांबा, उतार, थांबा, आणि तेही भर पावसात. त्या जुलैत पाव घेताना मी वाकून त्याच्या सायकलीची चेन पाहिली. काळी, पण सुरीसारखी साफ, एका कडीवरही तांबूसपणा नाही. विचारलं तर म्हणाला, "रातीं पुसून दवरतां." जुनं बनियान आणि शिलाई मशीनचं तेल, बस.

तेव्हापासून मीही पुसते. कोरड्या फडक्यानं चेन धरायची, पायडल उलटं फिरवायचं, प्रत्येक सांध्यावर एक थेंब, पाच मिनिटांनी वरचं तेल परत पुसून काढायचं. वरचं पुसणं महत्त्वाचं, नाहीतर पणजीची धूळ त्यावर बसून काळा चिखल होतो. पावसात जाडसर तेल, एरवी पातळ. आठवड्यातून दोनदा, पावसात रोज. जूननंतर चेनला गंज नाही. त्यामुळे गंजाबद्दलची माझी तक्रार मी सायकलीवरून आणि अंतरावरून मागे घेते. दुकानावरची तशीच आहे.

अंतराची मूळ तक्रार मात्र उरलीच. ऑगस्ट-सप्टेंबरात मी बरेचदा छत्री घेऊन चालत गेले आणि सायकलीपेक्षा चालणं बरं वाटलं. सतरा मिनिटांत निदान एक विचार पूर्ण होतो.

ऑक्टोबरात ठरवलं की अंतर नसेल तर ते करायचं. आठवड्यातून तीन दिवस सव्वासातला घर सोडायचं, ऑफिसच्या गेटवरून पुढे जायचं, कॉजवेनं रायबंदरच्या टोकापर्यंत आणि परत. वाढीव ७ किलोमीटर. हा कॉजवे १६३३-३४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द लिन्हारिसच्या काळात बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, आजही पणजी आणि रायबंदर त्यावरून जोडलेली. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं. चार वर्षं रोज गेलेली असूनही मी वर्षभरात एकदाही तिथे फिरकले नव्हते.

पहिले दोन आठवडे खोटं वाटलं, हे लिहायलाच हवं. ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटी हात करतो आणि आपण पुढे निघून जातो, तेव्हा चोरी केल्यासारखं होतं. जुने गोव्याहून येताना प्रत्येक पायडल मला कामाच्या जवळ आणायचं. इथे तीन किलोमीटर लांब जायचं, मग तेच तीन किलोमीटर परत. रायबंदरच्या टोकाला वळताना मनात यायचं, कशासाठी? मिरामारचा फेरा करून पाहिला, कांपालवरून जाऊन ताळगावमार्गे परत. वाट गोल असल्यामुळे तेच अंतर दोनदा काटावं लागत नाही, पण सिग्नल आणि गाड्या इतक्या की लय लागतच नाही. परत कॉजवेवर आले.

तिसऱ्या आठवड्यात वाऱ्यामुळे फरक पडला. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो. जाताना तो छातीवर, तिसऱ्या गिअरमध्ये रेटत जावं लागतं. परतताना तोच पाठीशी. त्या दिवशी मी परतताना पहिल्यांदा सातवा गिअर टाकला. मागे 'खट्' असा आवाज आला आणि चेन त्या लहान चकतीवर बसली. कॉजवेचा शेवटचा दीड किलोमीटर मी एकदाही पाय न थांबवता आले, उजवीकडे एक खंड्या तारेवरून सरळ पाण्यात पडला ते पाहत. ऑफिसात पोचले तेव्हा तोंडात कुठलंही भांडण नव्हतं.

ऊन मात्र सकाळी जाताना तोंडावर आणि संध्याकाळी परतताना तोंडावर, दोन्हीकडून सारखंच. सकाळचं सोसवतं कारण गाड्या कमी. संध्याकाळी त्या अरुंद रस्त्यावर बसगाड्या कोपराला घासून जातात आणि सायकलवाल्याला कडेला सरकायला जागाच नाही. संध्याकाळी जाऊ नका.

आणि इथेच माझं दुसरं मत बदललं. पाचव्या किलोमीटरला माझ्या तळहाताला मुंग्या यायला लागल्या, करंगळी बधिर. सीटचं टोक टोचायला लागलं. आठ महिने जिला मी 'छान' म्हणत होते ती हीच सीट. सहा मिनिटांत कुठलीही सीट चांगलीच वाटते आणि कुठलंही हँडल बरोबर उंचीवर असतं! हँडल खाली आहे हे मला अर्ध्या तासानं कळलं. मेकॅनिकनं हँडल वर घेतलं, सीट दोन सेंटीमीटर चढवून टोक किंचित खाली केलं, पैसे घेतले नाहीत. टायरची हवाही मी ७० पीएसआयवरून ५५ वर आणली, कारण कॉजवेवरचे हादरे हातात येत होते. आता मुंग्या येत नाहीत. ज्या दोघांना मी डोळे मिटून घ्या म्हणाले होते त्यांना फोन करून हे सांगितलं. एक जण म्हणाला, त्याला सहा महिने पाठदुखी आहे आणि तो खुर्चीला दोष देत होता. तो बांबोळीहून येतो.

म्हणून कुणीही कुठल्याही सायकलीबद्दल चांगलं लिहिलं असेल तर आधी पाहा, तो माणूस एका वेळी किती चालवतो. दीड किलोमीटरवाल्याचं मत सीटबद्दल, हँडलबद्दल, ब्रेकबद्दल धरू नका. माझे डिस्क ब्रेकही कॉजवेच्या दिवशी पहिल्या चार-पाच दाबण्यांनंतर गप्प होतात. तो दोष मी उगाच सायकलीच्या नावावर लिहिला होता.

डिसेंबरअखेरची बेरीज : एकूण ९६५ किलोमीटर. चेन आणि मजुरी धरून किलोमीटरला २३ रुपये. अजून जास्तच आहे, पण पंचेचाळीसवरून इथे आलं. मागच्या रविवारी मुलीला घेऊन रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला गेले, सायकलीला पैसे पडले नाहीत. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या कडेनं फिरून आलो. तेही कालनिर्णयवर लिहिलं, पण वेगळ्या रकान्यात, ते ऑफिसचं नाही.

मार्चमध्ये मुलीची दहावी संपली की रायबंदरला घर बघायचं, असं मी घरात बोलून ठेवलंय. तिथून ऑफिस साडेचार-पाच किलोमीटर पडेल, सासूबाईंचे डॉक्टरही फार लांब पडणार नाहीत. त्या म्हणाल्या, "सायकलीखातर घर बदलणारी पहिलीच बघते गो." नवरा तेव्हा काही बोलला नाही. पण काल संध्याकाळी फेरीबोटीच्या धक्क्याजवळच्या दोन 'भाड्याने देणे' पाट्यांचे फोटो त्यानं मला पाठवले. त्यातलं एक घर आत्ताच्यापेक्षा दोन हजारांनी स्वस्त आहे आणि जिन्याखाली जागा आहे.